आमचा बॉक्सर

प्रोफेशनल बॉक्सर झाल्यापासून लढायचं काम मी इमानदारीनं केलं, जिंकायचं तेवढं समोरच्यावर सोडलं. परवा दिल्लीतही तेच झालं. हॉस्पिटलातूनच गावच्या पप्पूला फोन केला, "मी हरलोय राव. मिरवणूक रद्द कर."

"आता रं कसं? 'विजयी वीर' म्हणून फ्लेक्स लागलाय, ढोलवाले आलेत. हरायचं व्हतं तर छापायच्या आधी सांगायचं न्हाई का? तू ये गप."

आळेफाट्याला एसटीतून उतरलो. डोळ्यांच्या नुसत्या फटी राहिलेल्या, नाकावर पट्टी, ओठ वडापावाएवढा. समोर फ्लेक्सवर मीच, पण बराच देखणा, आणि माझ्याभोवती शुभेच्छुकांची डोकीच डोकी. एसटीच्या दारातच पप्पू हार घेऊन उभा होता. घालून टाक एकदाचा म्हणून मी त्याच्यापुढं मान वाकवली.

त्यानं मला दंडाला धरून हळूच कडेला केलं.

"पावणं, जरा बाजूला व्हा. आमचा बॉक्सर उतरायचाय. लई मोठा माणूस हाये."

मी बाजूला झालो आणि सगळ्यांच्या मागं उभा राहून त्याची वाट बघू लागलो.