मुरलेलं फणसाचं लाकूड

विजेवर चालणारी गोल करवत तंजावुरात नव्यानेच विकायला आली होती, आणि घर बांधायला निघालेल्या अप्पाजींना ती जन्मभर टिकेल अशीच हवी होती. दुकानदार म्हणाला, “घरी नेऊन बघा, सार. जुनं, मुरलेलं फणसाचं लाकूड न अडकता कापलं तरच ठेवा, नाहीतर परत आणा.”

घरी येताच अप्पाजींनी सुनेला हाक मारली. “भुवना, तुमच्या वीणा फणसाच्याच असतात ना? लाकूड मुरलंय हे कसं कळतं गे?”

भुवना हरखलीच. लग्न होऊन आल्यापासून मामंजींनी तिला आपणहून कधी काही विचारलं नव्हतं. ती वीणा घेऊन बसली की ते टीव्हीचा आवाज तेवढा वाढवायचे. तिने धावत जाऊन वीणा आणली आणि तिच्या लाकडी पोटावर बोटाने टकटक केलं.

“असं घुमतं, बघा. आजोबांनी समोर बसून एकाच ओंडक्यातून कोरून घेतली होती. इतकं मुरलेलं लाकूड आता अख्ख्या गावात मिळायचं नाही.”

“बरं झालं विचारलं. जा, कॉफी कर.”

ती डिकॉक्शन गाळत होती तेव्हा मागच्या अंगणात करवत सुरू झाली, आणि लगेच थांबलीसुद्धा. टंबलर घेऊन ती बाहेर आली, तर अप्पाजी धोतरावरचा भुसा झटकत होते.



“तुझ्या वीणेत कुठ्ठे अडकली नाही गे. करवत ठेवू या.”