गियरचा खटका

स्क्रू निघाला, सायकलच्या खटक्याचं झाकण हातात आलं आणि उस्तादनं मान वळवून पुन्हा घड्याळाकडे पाहिलं. साडेनऊ. बायकोची बस अकराची होती. आत तिची बॅग भरणं चाललं होतं. कपाटाचं दार उघडत होतं, लागत होतं, आणि प्रत्येक आवाजाला त्याचा हात थबकत होता.

सायकल तिचीच होती. ती दवाखान्याच्या प्रयोगशाळेत रक्त तपासायची. रोज सकाळी सहाला निघायची, आणि वाटेत तो चढाचा पूल. हँडलवरचा गियरचा खटका इतका घट्ट झाला होता की अंगठ्यानं दाबला जात नसे. मग ती तळहाताचा जोर लावायची. तेवढ्यानंही जमलं नाही तर उतरून सायकल ढकलायची. गावातल्या निम्म्या सायकली उस्तादच्या हाताखालून गेलेल्या. पुलावर कुणी ना कुणी तिला विचारायचंच, की वहिनी, उस्तादच्या घरची सायकल आणि अशी हातात धरून? दिव्याखाली अंधारच असायचा, असं म्हणून ती हसायची.

सहा वर्षं हे चाललं होतं. सुरुवातीला ती दर आठवड्याला आठवण करून द्यायची. तो म्हणायचा, बघतो, हातातलं गिऱ्हाईक होऊ दे. पुढे म्हणू लागला, ते काम दिवसभराचं आहे, सगळा खटका उकलावा लागतो, एखादी सुट्टी काढून बसतो. सुट्ट्या आल्या नि गेल्या. गेल्या वर्षीपासून तिनं सांगणंच सोडलं होतं. त्याला वाटलं, हात सरावला असेल.

आणि काल ती फोनवर बहिणीशी बोलत असताना त्याच्या कानावर पडलं. बहिणीच्या गावच्या दवाखान्यात दोन महिन्यांची जागा निघाली होती. तिथली कुणी बाळंतपणाच्या रजेवर गेली होती, तिच्या जागी ही जाणार आणि दोन महिन्यांनी परत येणार. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं, जेवताना तिनं त्यालाही तेच सांगितलं होतं. पण फोनवर ती पुढे म्हणाली, "सायकल नाही आणत. तिच्याशी झगडून झगडून कंटाळले मी." आवाजात राग नव्हता. राग असता तर तो निवांत झोपला असता.

म्हणून आज सायकल दुरुस्तीचं दुकान बंद ठेवून तो अंगणात बसला होता. झाकणाखाली फार काही निघालंच नाही. आतलं ग्रीस वाळून मेणासारखं झालं होतं आणि त्यात दोन बारकी पाती रुतून बसली होती. त्यानं रॉकेल मारलं, दात घासायच्या जुन्या ब्रशनं मळ काढला, फडक्यानं टिपून घेतलं. मग खटका दाबत राहिला. दहा वेळा घट्ट, विसाव्या वेळी जरा सैल. पातळ तेलाचे चार थेंब सोडले. केबल गंजली होती, तीही बदलली. हात सराईतपणे चालत होते, जीव मात्र थाऱ्यावर नव्हता. आत बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला तेव्हा त्याच्या बोटांतून स्क्रू निसटला आणि फरशीच्या फटीत गेला. चिमट्यानं तो काढताना त्यानं स्वतःलाच एक शिवी हासडली.

ती चहाचा कप घेऊन बाहेर आली तेव्हा तो मागचं चाक उचलून पेडल फिरवत होता.

"दाबून बघ," तो म्हणाला.

तिनं कप कट्ट्यावर ठेवला. खटक्यावर अंगठा टेकवला. सवयीनं दात आवळले, खांदा पुढे झुकला. एवढ्या जोराची गरजच नव्हती. टक् झालं आणि साखळी सरकली. तिनं पुन्हा दाबून पाहिलं, या वेळी अगदी हलक्या हातानं. पुन्हा टक्. मग ती दाबतच राहिली, एकेक गियर खाली, एकेक गियर वर. लहान मुलीसारखं हसू आलं तिच्या चेहऱ्यावर. कालपासून पहिल्यांदाच उस्तादनं मोकळा श्वास घेतला.

"किती वेळ लागला तुम्हाला?" तिनं विचारलं.

त्याला अभिमानच वाटला. "वीस मिनिटं," तो म्हणाला. "काहीच नव्हतं त्यात. उगाच बाऊ करत होतो."

"वीस मिनिटं," ती म्हणाली.

हसू तिच्या ओठांवर तसंच होतं, पण नजर सायकलवरून उठली, त्याच्यावर आली आणि तिथंच थांबली. तो काहीतरी बोलणार होता. परत आलीस की ब्रेकही बघतो, असंच काहीतरी. तिनं शेजारचं फडकं घेऊन अंगठ्याला लागलेलं तेल नीट पुसलं, चहा निवतोय म्हणाली आणि आत गेली.

थोड्या वेळानं आत स्टूल सरकल्याचा आवाज आला. तो उठून दारापर्यंत गेला. दोन महिन्यांसाठी निघालेली त्याची बायको, ऐन उन्हाळ्यात, माळ्यावरून स्वेटरची पेटी खाली घेत होती.