तिसरी पट्टी

फातिमाबीने तिसरी पट्टी कासिमच्या दंडाला बांधली आणि ओटीवरची सगळी माणसं बघतच राहिली.

कासिम जाणार नव्हता. जाणार होते तिघे: तिचा मुलगा मकबूल, सून खदीजा आणि नात जैनब. पंचावन्न साली बेलापूरहून मुंबई गाठायची ती पाण्यानेच. खाली बंदरात चांगदेव तांडेलाचा मचवा भरतीवर डुलत होता, आणि मुंबईहून दुसऱ्या दिवशी आफ्रिकेची आगबोट सुटायची होती. मकबूल मोंबासाच्या गोदीत फिटर होता. चार वर्षं एकट्याने हात भाजून घेत स्वयंपाक केल्यावर तो आता बिऱ्हाड न्यायला आला होता.

बिऱ्हाडात कासिमही होताच. परवान्यावर त्याचं नाव होतं, तिकीटही निघालं होतं. पण मकबूलचा हा सात वर्षांचा मुलगा अजून मान धरत नव्हता, बोलत नव्हता, भरवलेला निम्मा घास हनुवटीवर ओघळायचा. मुंबईच्या एजंटाने हे ऐकलं आणि नकारार्थी मान हलवली. बोटीवर चढताना डॉक्टर तपासतो, म्हणाला. असं मूल दिसलं तर तो अख्ख्या कुटुंबाला उतरवील. मकबूलची झोप उडाली. शेवटी धीर करून त्याने आईला विचारलं.

"ऱ्हाऊ दे की माज्यापाशी," फातिमाबी म्हणाली आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागली.

खदीजाला तेच सलत होतं. तिला वाटलं होतं, सासू तरी आडवी पडेल. एरवी मिठाच्या खड्यावरून घर डोक्यावर घेणारी बाई नेमकी इथेच मूग गिळून बसली. खदीजाने स्वतःही नवऱ्यापुढे तोंड उघडलं नव्हतं, पण राग तिला सासूचाच आला. त्याच रागात महिनाभर ती सासूला शिकवत राहिली: पेज किती पातळ हवी, मान कुठल्या हातावर घ्यायची, कुशीवर कधी वळवायचं. म्हातारी निमूट ऐकायची. मध्येच पोराचा दंड चिमटीत धरायची आणि म्हणायची, "केवडासा हाय बग."

प्रवासाला निघणाऱ्याच्या उजव्या दंडाला इमाम जामीन बांधायचा, ही त्या घरची रीत. हिरव्या साटिनच्या पट्टीत एक नाणं शिवायचं. सुखरूप पोहोचल्यावरच गाठ सोडायची आणि ते नाणं गरिबाच्या हातावर ठेवायचं. त्याआधी गाठ सोडायचं कुणी मनातही आणत नसे. फातिमाबीने तिन्ही पट्ट्या हाताने शिवल्या होत्या. सुईत दोरा मात्र जैनबने ओवून दिला होता, कारण म्हातारीच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता.

म्हणून तर कुणी रागावलं नाही. खदीजाच्या मांडीवर कासिम होता आणि तिला अगदी खेटून जैनब. म्हातारीचा हात चुकला, एवढंच.

"अम्मा, हा कासिम हाय," मकबूल हळूच म्हणाला. "पट्टी जैनबची. सोड ती."

म्हातारीने कासिमचा दंड चाचपला. मग गाठ चाचपली. "बांदली आता."

"अगं, पन तो येत नाय ना!"

"इमामाची गाठ दारातच सोडायची? माज्या हातानं नाय व्हायचं. तुज्यात धीर असंल तर तू सोड."

मकबूलचा हात पुढे आला. गाठीपर्यंत गेला आणि तिथेच थांबला. खालून चांगदेवने हाळी दिली, "मकबूलभाय, चला! पानी उतारलं तं मचवा चिखलान रुतंल!"

"डाक्टरनं अडवलं तर?" मकबूलचा आवाज चिरकला.

"तर सगली परत या," फातिमाबी म्हणाली. "मी चूल इजवत नाय."

जैनबसाठी तिने आपल्या पदराचा काठ टरकन फाडला, कनवटीचं चवलीचं नाणं त्यात गुंडाळलं आणि तिच्या दंडाला बांधली. खदीजाने कासिमला कधी उचललं, ती उतार कधी उतरली, तिचं तिलाच कळलं नाही.

मचवा खाडीच्या मधोमध आला तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला. उद्याचा डॉक्टर उद्या. मांडीवरचं डोकं तिने सारखं केलं. म्हातारीला दिसत नाही हे आपल्या पथ्यावरच पडलं, असं तिच्या मनात आलं, आणि आल्याची लाजही वाटली.

जैनब मात्र फुगून बसली होती. "दादीला काय दिसत नाय. माजी हिरवी पट्टी ह्याला, आनि मला फाटका पदर!"

"हात लावू नको त्या गाठीला."

"सोडत नाय गं. नुसतं बगते." तिने आपला गुबगुबीत दंड कासिमच्या दंडाला भिडवला.

खदीजा हसत खाली वाकली. मकबूलच्या दंडावर पट्टीची लांब टोकं वाऱ्यावर फडफडत होती, तिच्या स्वतःच्याही. कासिमच्या वाळक्या दंडावर मात्र गाठीपुढे जेमतेम नखाएवढं टोक उरलं होतं. पट्टी कुठे कापलेली नव्हती. दोन्ही टोकं दुमडून, बारीक टाके घालून पक्की शिवलेली होती.

जैनबच्या दंडाला ती पट्टी पुरलीच नसती.