उतरवलेला पट्टा

पाण्याच्या माऱ्याने चिखल निघाला आणि धाकटीचा हात जागीच थांबला.

छोट्या पोकलेनची एक बाजू दादाने मशीनच्याच हाताचा रेटा देऊन उचलली होती. खाली लाकडी ओंडके लावले होते. लोंबता रबरी पट्टा ती फिरवून फिरवून पाहत होती. वरचे कंगोरे जुन्या चपलेच्या टाचेसारखे सपाट झाले होते. ते तिला ठाऊकच होतं. पण आतल्या कडेला लांब चीर पडली होती आणि चिरेतून पोलादी तारा बाहेर डोकावत होत्या. गंजलेल्या.

“झालं का धुऊन?” दादा सीटवरून ओरडला. “ट्रक येईल एवढ्यात. त्या घरामागचा उतार आज कापायचाच आहे.”

“खाली ये. हे बघ.”

तो आला, वाकला, पाहिल्यासारखं केलं. “एवढंच ना? थोडं ग्रीस भर, ताणून घे. चालेल अजून.”

“मागच्या वेळी ताणलाच होता. त्याच्या आधी डाव्याचा उजवीकडे घातला. आता ताणला तर तुटेल, दादा. सपाटीवर तुटला तर मशीन नुसतं बसेल. उतारावर तुटला तर खाली लोकांचं घर आहे आणि सीटवर तू आहेस.”

“मला शिकवतेस? माझे केस काही उन्हाने पांढरे झालेले नाहीत.”

“केस झाले पांढरे. वळवतोस मात्र अजून पोरासारखा, जागच्या जागी, गर्रकन, तेही खडीवर. त्यानेच याची ही दशा झाली.”

दादाचा चेहरा उतरला, मग लाल झाला. “मी ठेकेदाराला शब्द दिलाय.”

“शब्द तू दिलास. पट्ट्याने नाही दिला.”

“बास झालं. ओंडके काढ. निघायचंय.”

हा त्याचा शेवटचा शब्द. या घरात तो आजवर कुणी ओलांडला नव्हता, तिने तर नाहीच. दादा पाठ फिरवून सीटकडे निघाला.

धाकटीने पाना उचलला. पट्टा ताणून धरणारं ग्रीस जिथून भरतात त्या झडपेशी गेली, एका बाजूला सरून बसली आणि पाना हळूहळू फिरवू लागली. आधी काहीच झालं नाही. मग पिवळं, जाड ग्रीस सापासारखं वळवळत बाहेर आलं आणि जमिनीवर साचत गेलं. ताणलेला पट्टा ढिला पडला. तिने पहार घातली, खांदा लावला, दात आवळले. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा पट्टा पुढच्या चाकावरून सुटला आणि धपकन चिखलात पडला.

दादा धावत आला. “डोकं फिरलंय का तुझं! चढव तो परत! आत्ताच्या आत्ता!”

“चढवीन की,” ती धापा टाकत म्हणाली. “नवा आण, हाच हात चढवील. हा मात्र नाही. रागावून बघ, बोलणं टाकून बघ. हा नाही.”

तो पट्ट्याकडे झेपावला. दोन्ही हातांनी उचलायला गेला, तर चिरेशी पट्टा मुडपला आणि आतल्या तारांचा झुबका बाहेर आला. दादाने त्यातली एक चिमटीत धरली. नुसती धरली. ती वाळक्या काडीसारखी मोडून त्याच्या बोटांत राहिली.

तो तसाच उकिडवा बसून ती तार उलटसुलट करून पाहू लागला.

खिशातला फोन वाजला. ठेकेदाराचा आवाज तिच्यापर्यंत येत होता.

“मशीन आज येत नाही,” दादा म्हणाला.

पलीकडे आरडाओरडा.

“बंद नाही पडलं. बहीण आडवी आलीय.”

पुन्हा आरडाओरडा. दादाने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. कोपरापर्यंत ग्रीस, गालावर चिखल, हातात पहार आणि पाय त्या पट्ट्यावर रोवलेले.

“तिला बाजूला सार म्हणता?” तो फोनमध्ये म्हणाला. “या ना, तुम्हीच सारा. मी लांब उभा राहून बघतो.”