फाटकावरचा टब

राखोलीच्या त्या कारखान्यात पाळी सुटली की सुपरवायझर रमाकांत स्वतः फाटकापाशी टब मांडून बसायचे. पॅलेडियम या धातूची काळी पूड हाताळलेल्या प्रत्येकाने त्या टबात हात धुवायचे, नखंसुद्धा ब्रशने घासायची. बोटावर एवढासा काळा डाग राहिला तरी माणसाला परत टबाशी बसवायचे. "आमचे साहेब आईच्या मायेनं हात धुवून घेतात," गोकुळ डोकमर्डी गावातल्या आपल्या खोलीत बायकोला कौतुकाने सांगायचा.

आज पॅलेडियम जाऊन निकेल आलं. पाळी सुटल्यावर गोकुळ सवयीने काळे हात पुढे धरून फाटकाशी उभा राहिला. समोर टब नव्हता.

"साहेब, टब कुठंय?"

"आता कशाला? त्या पाण्यातलं पॅलेडियम गाळून परत वापरायचो. निकेल स्वस्त आहे, गेलं तर गेलं."

"पण यानं आग होतेय, साहेब. मनगटापर्यंत लाल झालंय."

"मग घरी जाऊन धू. चल, मागे लाइन लागलीय."

गोकुळ जागचा हलला नाही.

"साहेब, घरी पोरगी दारातच अंगावर उडी मारते."