किरीनोची उशी

"या उशीवर तुम्ही झोपता, काका, की सान रोक्कोला झोपवता?" रुज्जेरोने विचारलं.

मंडळाच्या खोलीत दोन-तीन जण हसले. किरीनोने उशी मांडीवरून उचलून बाकाखाली सरकवली.

उत्सवाला चार दिवस उरले होते. सान रोक्को या संताची मूर्ती उचलायला आठ माणसं लागतात, दोन दांड्यांना चार-चार. दांडा खांद्याला लागू नये म्हणून प्रत्येकजण कापडाची छोटी उशी बांधतो. इतरांच्या उशा दोन बोटं जाड. किरीनोची पावाच्या लादीएवढी. एके काळी तो उंचापुरा होता. सत्तरीत जसा वाकत गेला, तशी उशी जाड होत गेली. देवाच्या कामातही ज्याला मऊ-मऊ लागतं, असल्या माणसाची रुज्जेरोला मनापासून किळस यायची.

तसे त्याला सगळेच किळसवाणे वाटत. वरच्या आळीचे लोक तर जास्तच. चर्चपासून चौकापर्यंत सत्तेचाळीस पायऱ्या चढायच्या आणि मूर्ती मधे कुठे टेकवायची नाही, हा खालच्या आळीचा नेम. टेकलीच, तर वर्षभर तोंड लपवून फिरायची पाळी. वरची आळी एवढ्यासाठीच दरवर्षी शेवटच्या पायरीशी जमते आणि पावात भाजलेलं डुक्कर घालून खात वाट बघते. त्यांची भक्ती ती एवढीच.

डाव्या दांड्याला पुढे ताडमाड देल प्रेते भाऊ, तिसरा बुटका रुज्जेरो आणि त्याच्या मागे, शेवटचा, किरीनो. बावीस वर्षं किरीनोची धाप रुज्जेरोच्या मानेवर पडत आली होती. वर पोचल्यावर म्हातारा कठड्यावर बसायचा आणि पाच मिनिटं त्याच्याने बोलवायचं नाही. खांद्यावर लिंबाएवढी गाठ होती, ती तो कुणी न विचारता दाखवत नसे, पण विचारणारे भेटायचेच.

रुज्जेरोच्या खांद्यावर गाठ नव्हती. वर पोचल्यावर तो घामसुद्धा पुसायचा नाही, सरळ वाइनच्या टेबलाकडे जायचा. नवख्यांना तो शर्टाचं बटण काढून खांदा दाखवी. दांडा उशीला नुसता टेकू द्यायचा, बाकी काम गुडघ्यांचं, हे त्याचं नेहमीचं व्याख्यान. ऐकणारे माना डोलवत आणि ग्लासात बघत.

यंदा मंडळाचा म्हातारा प्रमुख एमिदियो निवृत्त होणार होता. वर चौकात, सगळ्यांच्या देखत, तो आपली चांदीच्या मुठीची काठी रुज्जेरोच्या हातात देणार होता. रुज्जेरोने या दिवसासाठी बावीस वर्षं काढली होती. काठी हातात यायच्या आधी त्याला मंडळ साफ करायचं होतं.

"हे म्हणजे आयत्या बिळावर नागोबा," तो खोलीतल्यांना म्हणाला. "उचलायचं आम्ही, आणि धापा टाकून कौतुक करून घ्यायचं यांनी. कुत्र्याचा कान कुणामुळे तुटला, विसरलात?"

विसरलं कुणीच नव्हतं. सान रोक्कोच्या पायाशी प्लास्टरचा कुत्रा आहे. रुज्जेरोच्या पहिल्याच वर्षी बाराव्या पायरीवर डावी बाजू खचली आणि कुत्र्याचा कान गेला. माझाच पाय घसरला, असं किरीनोने तेव्हा सगळ्यांसमोर सांगितलं होतं.

किरीनोच्या जागी रुज्जेरोने तार्चिझिओचं नाव सुचवलं. तार्चिझिओ कसाई होता, बैलासारखा रुंद, रुज्जेरोहूनही बुटका. अख्खं डुक्कर एकटा टांगायचा.

किरीनोने एकच विचारलं. "उंची किती याची?"

"आपल्याला ताकद लागते, काका. उंची मोजायला काय शिंपी आहात?"

कुणी हसलं नाही. एमिदियोने रुज्जेरोकडे बराच वेळ पाहिलं, मग किरीनोकडे. किरीनोने होकाराची मान हलवली आणि एमिदियो म्हणाला, बरं, तसं करा.

घरी बायको एर्सिलियाने जेवण वाढता वाढता म्हटलं, "राहू दे ना त्यांना. तुझं काय जातंय?" बायकांना यातलं काय कळतं, हे रुज्जेरोने लग्नाच्या दुसऱ्या महिन्यातच ठरवून टाकलं होतं.

उत्सवाच्या दिवशी बँड वाजला, पाद्रीबाबांनी पाणी शिंपडलं, आठ जणांनी मूर्ती उचलली. रुज्जेरोला दांडा जरा विचित्र वाटला. कसायाला धरता येत नाही, त्याने ठरवलं आणि मागे न बघता त्याला दोन शिव्या दिल्या. चर्चसमोरच्या सपाट जागेवरच रुज्जेरोचे ओठ पांढरे पडले. तिसऱ्या पायरीवर त्याने बँडला हळू वाजवायला सांगितलं. सातव्या पायरीवर त्याच्या तोंडून आवाज निघाला, तो त्याने आजवर फक्त किरीनोच्याच तोंडून ऐकला होता.

बाराव्या पायरीवर त्याचे गुडघे गेले.

डावी बाजू खचली. कुत्र्याचा उरलेला कान पायरीवर पडून फुटला. टोकाला उभ्या असलेल्या वरच्या आळीने पाव खाणं थांबवलं. उरलेले सात जण मूर्ती कशीबशी तोलून होते, ती टेकायला वीतभर उरली होती.

"मागचा नीट धरत नाही," रुज्जेरो म्हणाला. तार्चिझिओचा मात्र श्वासही वाढला नव्हता.

किरीनो गर्दीतून पुढे आला. उशी खांद्यावर बांधलेलीच होती, जणू सकाळपासून. कुणी न सांगता कसाई बाजूला झाला. देल प्रेते भावांनी मागे वळून पाहिलं नाही, फक्त पाय रोवले.

"ऊठ रे," किरीनो रुज्जेरोच्या कानाशी म्हणाला. "हात लावून ठेव. नेहमीसारखा."

मग त्याने पाठ सरळ केली. दांडा वर गेला आणि रुज्जेरोच्या उशीला नुसता टेकला, बावीस वर्षं टेकत होता तसा.