ओट्यावरचा उजेड

भाजी चिरताना आईचं बोट या महिन्यात तिसऱ्यांदा कापलं. "ट्यूबलाइट पाठीमागे आहे ना, ओट्यावर माझीच सावली पडते," ती म्हणाली. मी लगेच ठरवलं, कपाटांखाली एलईडीची पट्टी लावायचीच!

अन्नपूर्णा भागातून इलेक्ट्रिशियन पियुष भिया आले; आमच्याकडे भैयाला भियाच म्हणतात. ते वायर अशीच चिकटवून देणार होते, पण मी दहावीची, आमचा विजेचा धडा नुकताच झालेला. "भिया, जुगाड नाही चालणार हां. अर्थिंग पाहिजे, वायर पाइपमधून जाईल आणि स्विच सिंकपासून लांब!"

भिया बाबांना म्हणाले, "भाईसाब, आपकी छोरी तो इन्स्पेक्टर निकली!" बाबा एकदम खूश.

संध्याकाळी सगळं अगदी नियमाने बसलं. आईला ओट्यासमोर उभं केलं. नव्या दिव्याला नमस्कार करायचा म्हणून तिने आधीच हात जोडले. मी बटण दाबलं. ओटा असा लख्ख उजळला, की सांडलेला जिरे-मोहरीचा दाणा न् दाणा दिसायला लागला. बाबा आणि मी आईच्या चेहऱ्याकडे बघत राहिलो. तिचे डोळे उघडे होते, थेट ओट्याकडे लागलेले.



"लाव की गं आता," आई म्हणाली, "किती वेळ हात जोडून उभी राहू?"